पांढऱ्या माईचं काळं पाणी

फर्निचरच्या दुकानावरचा हॉल भरून गर्दी जिन्यावर उतरली होती. पायऱ्यापायऱ्यांवर गरोदर बाया बसलेल्या, कुणी कंबर धरून, कुणी भिंतीला टेकून, आणि प्रत्येकीसोबत एखादी सासू, आई, जाऊ नाहीतर शेजारीण होतीच. खाली दुकानात विकायला ठेवलेल्या सोफ्यांवर नवरेमंडळी ऐसपैस पसरली होती. त्यांना उठवायची दुकानदाराची छाती होत नव्हती, कारण वरचा हॉल माईंनी वर्षभरासाठी घेतला होता आणि माईंचा शब्द आता गावभर चालत होता.

हॉलच्या पुढच्या टोकाला पांढऱ्या चादरीच्या टेबलामागे माई उभ्या होत्या. कपडे पांढरे, केस पांढरे, चपलासुद्धा पांढऱ्या. टेबलावर काचेचा मोठा वाडगा, आणि त्यात फिकट सोनेरी पाणी.

"हे काय आहे, लेकींनो?" माईंनी विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता सांगूनही टाकलं. "हे गर्भजल! तुमचं बाळ पोटात ज्या पाण्यात पोहतं ना, अगदी तसंच. मी मुळ्या घालून सिद्ध केलंय. बघा, किती निर्मळ! आता मला ती दवाखान्यातली रक्तवाढीची गोळी द्या. माझी नको हं. माझ्या गोळीत मीच काही कालवलं असेल, असं म्हणायला जागा नको. तुमचीच द्या."

तिसऱ्या रांगेतून पहिला हात वर झाला तो मावशीचा.

या मावशीची ओळख आधी करून द्यायला हवी. दवाखान्याच्या फाटकासमोर तिची चहाची टपरी. डॉक्टरांपासून रखवालदारापर्यंत सगळे तिला मावशीच म्हणत. आणि संशय म्हणाल तर तिच्या रक्तात. दूधवाला आला की ती आधी दुधात बोट बुडवायची, थेंब नखावर घेऊन ओघळ बघायची, मगच पातेलं पुढे करायची. साखर घेताना पिशवीच्या तळातली घ्यायची. मुलाने लग्नासाठी मुलगी पसंत केली, तेव्हा त्या मुलीच्या शेजारणींकडे ती गुपचूप जाऊन आली होती. आपल्याला कुणी फसवू शकत नाही, याचा तिला मोठा अभिमान होता.

अशा बाईचा सगळ्यांत जास्त संशय कशावर असेल? तर दवाखान्यात मिळणाऱ्या त्या लाल गोळ्यांवर. "फुकट देतात म्हणजे त्यात काहीतरी गोम असणारच," असं ती पहिल्या दिवसापासून म्हणत होती. दिवस गेल्यापासून सूनबाई त्या गोळ्या खात होती, तरी तपासणीत रक्त काही वाढेना. त्यात आणखी एक गोष्ट झाली. सूनबाईने लाजत लाजत सासूच्या कानात सांगितलं की, "आई, सकाळी शी अगदी काळी होते हो. डांबरासारखी." झालं! मावशीच्या मनात पाल चुकचुकली. आणि म्हणूनच सातव्या महिन्यात ती सुनेला घेऊन या जिन्यावरून धापा टाकत वर आली होती.

माईंनी मावशीच्या हातातली गोळी घेतली. छोट्या खलात कुटली. कुटता कुटता बोलत राहिल्या.

"गोळी कशाची? लोखंडाची! डॉक्टर स्वतःच सांगतात. मला सांगा, घरात कुणी खिळे गिळतं का? बिजागऱ्या चघळतं का? मग ही का गिळता? बाहेर पडलेलं लोखंड गंजतं. पोटात पडलेलं काय करत असेल? तिथे त्याला रंग कोण देणार?"

बाया हसल्या. हसता हसताच माईंनी पूड वाडग्यात सोडली आणि काचेच्या दांडीने ढवळली.

पाणी काळं झालं.

करडं नाही, तपकिरी नाही. दौतीतल्या शाईसारखं काळं. हॉलमध्ये कुणीतरी किंचाळलं. सूनबाईने मावशीचं मनगट घट्ट धरलं.

"यात," माई हळूच म्हणाल्या, "तुमचं बाळ पोहतंय. खोटं वाटतंय? ज्या ज्या ही गोळी खातात, त्यांनी आठवून बघा. सकाळी परसाकडे काळं होतं की नाही?"

आता मात्र सगळा हॉल एकमेकींकडे बघायला लागला. जी गोष्ट बायका नवऱ्यालाही सांगत नाहीत, ती या बाईला बसल्या जागी कशी कळली! मावशीच्या अंगावर सरसरून काटा आला. सूनबाईच्या पोटातलं गुपित माईंनी भर हॉलमध्ये सांगितलं होतं. ती गोळी खाणाऱ्या जवळजवळ प्रत्येकीला हेच होतं, हे तेव्हा मावशीला कुठे माहीत होतं?

मग माईंनी एक पांढरी कुपी उचलली. डोळे मिटले, ओठ हलवले आणि कुपीतलं पाणी वाडग्यात ओतलं. काळं पाणी बघता बघता फिकट होत गेलं, आणि पुन्हा सोनेरी झालं. टाळ्यांनी हॉल दणाणला.

"पांढरं ते शुद्ध," माईंनी हात वर केले. "पांढरं खा, पांढरं प्या. भात खा, दूध प्या, साखर खा. हिरव्यागार पालेभाज्या, डाळी, गूळ, अंड्यातलं पिवळं, मांस, सगळं बंद. जे काळपट ते पोटातही काळंच करणार. थोडं थोडं खा म्हणजे बाळ लहान राहील आणि सुटकाही सोपी होईल. रोज माझं शुभ्रचूर्ण चिमूटभर. आणि गोळ्या? गोळ्या गटारात!"

बाहेर पडताना मावशीच्या पिशवीत शुभ्रचूर्णाची पाकिटं होती आणि डोक्यात एकच वाक्य घोळत होतं: गोळी माझीच होती! माईंनी काही घातलं असतं तर आपण धरलं असतं. पण गोळी आपण आपल्या हाताने दिली, म्हणजे लबाडी गोळीत. एवढी डोळस बाई, पण गोळीकडे टक लावून बघत राहिली. पाणी कसलं, हे तिने विचारलंच नाही. संशयी माणसाला गंडवायचं असेल तर त्याच्या मनात जो संशय आधीच आहे, तोच त्याच्यासमोर सजवून मांडायचा. माईंना हे पक्कं ठाऊक होतं.

घरी पांढरं राज्य सुरू झालं. सूनबाईच्या ताटात भात, दूध, साखर. मुलगा व्हॅन चालवायचा. तो कधी वाटेत अंडी घेऊन आला तर मावशी ती परत पाठवायची. सूनबाई गरीब स्वभावाची. एकदाच म्हणाली, "आई, डाळ खावीशी वाटते हो." मावशीने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "थोडे दिवस काढ, पोरी. तुझ्या बाळासाठीच करतेय ना मी?"

सूनबाईचा रंग उजळू लागला. शेजारणी म्हणायच्या, "काय गं, किती गोरी झालीस! माईंचा गुण आला बघ." ओठ फिके, नखं फिकी, तळहात तर कागदासारखे. ती दोन जिने चढली की मधेच बसायची, छातीवर हात ठेवून. रात्री पाय सुजायचे. मावशीने तिला पुन्हा माईंकडे नेलं, तेव्हा माईंनी तिची पापणी खाली ओढून पाहिली आणि अख्ख्या हॉलला दाखवली. "बघा, आतून पांढरी होतेय! शुद्धी आतपर्यंत पोचली." बायांनी हात जोडले. सूनबाई कसनुसं हसली.

मावशीला तेव्हा काहीतरी टोचलं, हे खरं. दूध नासायच्या आधी वासात जो जरासा फरक पडतो, तसं काहीतरी. पण तिने ते मनाआड केलं.

मग एका दुपारी सूनबाई डबा घेऊन टपरीवर आली. डबा ठेवला, बाकावर बसायला वळली आणि बसण्याऐवजी खालीच कोसळली. रखवालदार धावला. दवाखान्यातली सिस्टर बाहेर आली, तिने सूनबाईची पापणी ओढून पाहिली आणि एक शब्दही न बोलता ढकलगाडी मागवली.

तासाभराने डॉक्टरीणबाईंनी मावशीला आत बोलावलं. बाई तरुण होत्या, पण आवाजात जरब होती.

"मावशी, हिच्या अंगात रक्त उरलेलं नाही. बाळंतपणात प्रत्येकीचं थोडंफार रक्त जातंच. इतरांचं जातं आणि भरून येतं. हिचं तेवढं गेलं तरी ही टेबलावरच जाईल. कळतंय का मी काय म्हणतेय? गोळ्या कधीपासून बंद?"

कळत सगळं होतं मावशीला. पण सवय जाते कुठे? ती उसळूनच म्हणाली, "तुमच्या गोळ्या खाऊन तरी कुठे रक्त वाढलं होतं? आणि मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, बाई! तुमची गोळी पाण्यात टाकली की पाणी काळं होतं. माझी गोळी होती, मी दिली होती."

"कसलं पाणी?"

"गर्भजल."

"ते गर्भजल आहे असं कुणी सांगितलं?"

"माईंनी."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, तुम्ही रोज दूधवाल्याच्या दुधात बोट बुडवता. मी खिडकीतून बघते. त्या वाडग्यात बोट बुडवलं होतंत का?"

एवढ्यात सिस्टर कुणाला तरी कळा सुरू झाल्याचं सांगत आली आणि डॉक्टरीणबाई तशाच निघून गेल्या. आत सूनबाईच्या हाताला नळी लावली होती. बाटलीतून तपकिरी औषध थेंब थेंब उतरत होतं. मावशी बाहेरच्या बाकावर बसली आणि तिला रडू आलं. सुनेच्या जिवाची भीती तर होतीच, पण त्याहून मोठी शरम होती. ज्या बाईने आयुष्यभर कुणावर विश्वास ठेवला नाही, तिने नेमका कुणावर ठेवला?

पुढच्या बैठकीला मावशी सगळ्यांच्या आधी हॉलमध्ये पोचली आणि पहिल्या रांगेत बसली. माई आल्या, वाडगा भरला. मावशी हात जोडून उठली. "माई, एकदा पाण्याला स्पर्श करू द्या. सून दवाखान्यात आहे." माईंनी मान डोलावली, अशा भक्तीला नाही कोण म्हणणार? मावशीने वाडग्यात बोट बुडवलं, डोळ्यांना लावल्यासारखं केलं आणि पटकन जिभेवर टेकवलं.

जीभ आकसली. टाळूला कोरडेपणा चढला. मावशीने तोंड पुसलं आणि ती खाली बसली. असली चव ती रोज पहाटे पहिल्या आधणाला घेत होती. ही मुळी-बिळी काही नव्हती. हा कोरा चहा होता. साखर नाही, दूध नाही, भरपूर पाणी घालून फिका केलेला, गाळून गार केलेला चहा!

तिथल्या तिथे ओरडावं असं तिला वाटलं होतं. पण चहा असला म्हणून काय झालं? चहात गोळी काळी का होते, हे तिला तरी कुठे ठाऊक होतं! ती उठली आणि सरळ टपरीवर आली.

तिने तीन पेले मांडले. एकात साधं पाणी, दोनांत फिका कोरा चहा. सूनबाईच्या उरलेल्या गोळ्यांची पट्टी तिने गटारात टाकली नव्हती. गटारात तरी कशाला टाकायच्या, असा संशय तेव्हाही तिच्या मनात आला होता. त्यातली गोळी कुटून तिने आधी पाण्यात टाकली. पाणी लालसर, गढूळ झालं. काळं झालं नाही. मग चहाच्या दोन्ही पेल्यांत टाकली. दोन्ही पेले शाईसारखे काळे झाले.

"गर्भजल!" मावशी मोठ्याने म्हणाली. चहा प्यायला आलेला माणूस दचकला.

आता राहिली कुपी. मावशीने बराच विचार केला. मग तिची नजर लिंबाच्या चहासाठी ठेवलेल्या लिंबांवर गेली. चहात लिंबू पिळलं की रंग उतरतो, हे तर ती रोज बघत होती. तिने एका काळ्या पेल्यात लिंबू पिळलं. ढवळलं. आणखी एक पिळलं. काळेपणा विरत गेला आणि खालून चहाचा रंग वर आला.

मावशीने तिन्ही पेले ताटलीत ठेवले आणि रस्ता ओलांडला. पेले हिंदकळू नयेत म्हणून ती नवरी चालते तशी चालत गेली.

डॉक्टरीणबाई सूनबाईच्या खाटेजवळच होत्या. त्यांनी पेले पाहिले, वास घेतला आणि पहिल्यांदाच हसल्या. "अहो, ही तर शाई! पूर्वी शाई अशीच बनवायचे. चहात एक तुरट द्रव्य असतं. तुमची जीभ आकसली ना, तेच. ते लोहाला धरतं आणि दोघांचं मिळून हे काळं होतं. यात ना पाप, ना पुण्य. लिंबाचा आंबटपणा ती पकड सोडवतो."

सूनबाईने उशीवरूनच विचारलं, "आणि शी काळी होते ती?"

"गोळीतलं सगळं लोह काही अंगाला लागत नाही. उरलेलं बाहेर पडतं, ते काळं दिसतं. गोळी खाणाऱ्या बहुतेक सगळ्यांना होतं. माईंनी ते ओळखलं त्यात जादू कसली? आणि हे आम्ही पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. गोळ्या हातात ठेवतो आणि पुढच्या बाईला हाक मारतो. चुकतंच आमचं."

मावशी मात्र पेल्याकडेच बघत होती. "बाई, ते द्रव्य लोहाला धरतं म्हणालात. पोटातसुद्धा धरतं?"

"पोटातही धरतं. मग ते लोह रक्तात फारसं जातच नाही. म्हणून तर गोळी चहाबरोबर घ्यायची नसते. चहा आणि गोळीत चांगलं अंतर हवं. उलट लिंबू, आवळा, पेरू असं काही आंबट बरोबर घेतलं तर ती जास्त लागू पडते. का?"

खाटेवर सूनबाईने डोळे मिटून घेतले. मावशीने हातातली ताटली खाली ठेवली.

कारण ते घर चहावाल्यांचं होतं. तिथे पाणी मागितलं तरी चहा मिळायचा. डोकेदुखीची गोळी, तापाची गोळी, कसलीही गोळी, ती चहाच्या घोटाबरोबरच घ्यायची, ही त्या घराची रीत. माई भेटायच्या आधीचे ते सगळे महिने मावशी रोज सकाळी पहिला कडक चहा सुनेच्या हातात द्यायची आणि म्हणायची, "घे गोळी, माझ्यासमोर गिळ." सुनेवर विश्वास नव्हता म्हणून ती समोर उभी राहायची. आणि माईंचं काळं पाणी रोज सुनेच्या पोटात स्वतःच्या हाताने तयार करायची.

"आई, तुम्हाला कुठे माहीत होतं?" सूनबाई म्हणाली.

"तेच तर, पोरी," मावशी म्हणाली. "मला माहीत नव्हतं, आणि मी विचारलंही नाही. संशय घेत बसले नुसता."

बाई म्हणाल्या, आता रडायची वेळ नाही. शिरेतून औषध चाललंय, खाणं सुरू करा, दिवस हातात आहेत. त्या संध्याकाळी मुलाने डाळ, पालेभाजी आणि उकडलेली अंडी आणली. सूनबाईने ताट चाटूनपुसून साफ केलं, आणि मावशी तिच्याकडे बघत बसली.

पुढच्या बैठकीला मावशी एकटी गेली नाही. हातात चहाची किटली होती आणि सोबत सिस्टर. हॉल नेहमीसारखाच खच्चून भरलेला. माईंनी गोळी मागितली, तेव्हा मावशी उठली.

"गोळी मी देते, माई. पण आज पाणीही माझंच घ्या."

"म्हणजे?"

"त्या दिवशी तुम्ही म्हणालात, माझी गोळी नको, तुमच्या मनात शंका यायला नको. बरोबर बोललात. मग पाणी तरी तुमचं कशाला? या बायांच्या मनात शंका यायला नको!"

मागून कुणीतरी हसलं. माईंचा चेहरा जरा उतरला, पण आवाज तोच. "गर्भजल ज्याच्या-त्याच्या हातून सिद्ध होत नाही, बाई."

"माझ्या हातून रोज होतं. दुधासाखरेसकट!" असं म्हणत मावशीने टेबलावर पेला ठेवला आणि किटलीतून फिका, गार कोरा चहा ओतला. वाडग्यातला रंग आणि पेल्यातला रंग शेजारीशेजारी दिसले. सारखे. मावशीने गोळी कुटून पेल्यात टाकली. पेला काळा झाला. हॉलमधून उसासा उठला. मग मावशीने पिशवीतून लिंबं काढली, कापली आणि पिळली. काळेपणा उतरला.

"मंत्र म्हणायचा राहिलाच की," मावशी म्हणाली. आता मात्र अर्धा हॉल हसला.

सिस्टर पुढे आली. चहातलं तुरट द्रव्य, लोह, लिंबू, शी काळी का होते, सगळं तिने साध्या शब्दांत सांगितलं. ती म्हणाली, "ज्या हिरव्या भाज्या, डाळी, अंडी, मांस माईंनी बंद केलं, रक्त त्यातूनच तयार होतं. पापणी पांढरी दिसली तर ती शुद्धी नाही. ते अंगातलं रक्त संपल्याचं लक्षण आहे. आणि बाळ लहान राहिलं म्हणून सुटका सोपी होत नाही. बाळ तेवढं अशक्त जन्मतं आणि आई त्याहून अशक्त होते."

कित्येकींचे हात आपोआप आपल्या पापण्यांकडे गेले.

माईंनी तोवर कुपी खिशात घातली होती. आता त्या शेवटचा डाव खेळल्या. "वा! इतके दिवस मी तुमच्या बाळांसाठी झिजले, आणि तुम्ही आता विश्वास कुणावर ठेवणार? एका चहावालीवर? चहावाली बाई डॉक्टरकी कधी शिकली?"

प्रश्न बिनतोड होता. बायांनी मावशीकडे पाहिलं.

"नका ठेवू," मावशी म्हणाली. "माझ्यावर मुळीच विश्वास ठेवू नका. मी माझ्या सुनेला याच बाईंच्या नादाने उपाशी ठेवलं, आणि त्याआधी माझ्याच चहाने तिच्या गोळ्या वाया घालवल्या. माझ्यासारखीवर कोण विश्वास ठेवेल? घरी जा. चहा तुमच्या घरात आहे, लिंबू आहे, गोळी आहे. तीन पेले मांडा आणि स्वतः करून बघा. मग माईंना सांगा, हा वाडगाही एकदा आमच्या हातात द्या. त्या देतात का बघा."

माईंनी वाडगा दिला नाही. उलट घाईघाईने उचलला, आणि पाणी त्यांच्या पांढऱ्या कपड्यांवर सांडलं. पहिल्या रांगेतल्या एका म्हातारीने पुढे होऊन ओला डाग हुंगला आणि जाहीर केलं, "चहाच आहे गं बायांनो!"

त्यानंतर माई गावात फार दिवस टिकल्या नाहीत. दुकानदाराने हॉलमध्ये कपाटं मांडली. पण सगळ्याच बायांना पटलं असंही नाही. काहीजणी म्हणाल्या, मावशीची माईंवर खुन्नस होती. काहींनी शुभ्रचूर्ण बाहेरगावाहून मागवणं चालूच ठेवलं. असं होतंच, एकदा फसलेल्याला आपण फसलो हे कबूल करणं फार जड जातं.

सूनबाईला कळा सुरू झाल्या त्या सकाळी मावशीने टपरी उघडली नाही. दवाखान्यात बाळंतपणाच्या खोलीच्या दारामागून सुनेचा आवाज येत होता, मग येईनासा झाला, मग बाळाचा आला. मावशी उठून दारापर्यंत गेली आणि पुन्हा बसली, कारण कुणी बाहेर येत नव्हतं. सिस्टर एकदा धावत बाहेर आली, हातात सलाइनची पिशवी घेऊन परत आत गेली. मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा होता. मावशीला आयुष्यात पहिल्यांदाच संशय घ्यायला काही सापडेना.

शेवटी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"मुलगी झाली. आईचं रक्त बरंच गेलं, मावशी. पण आता थांबलंय. गेलं तेवढं सोसायला अंगात रक्त होतं, म्हणून वाचली. दोन महिन्यांपूर्वी असं झालं असतं तर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही.

मावशीने त्यांचे हात धरले. मुलगा तिथेच खाली बसून मोठमोठ्याने रडला.

बऱ्याच वेळाने मावशी बाहेर आली, तेव्हा तपासणीच्या रांगेत एक मुलगी बसली होती. पोट नुकतंच दिसू लागलेलं, ओठ फिके. हातात लाल गोळ्यांची पट्टी होती आणि ती उलटसुलट करून बघत होती. मावशी तिच्या शेजारी बसली.

"घेतेस का?"

"भीती वाटते," मुलगी म्हणाली. "आमच्याकडे म्हणतात, याने बाळ काळं होतं. तुम्ही सांगा ना, खाऊ का नको?"

मावशीच्या तोंडावर उत्तर आलं होतं. ते तिने गिळलं.

"मी सांगितलं म्हणून खाऊ नकोस, आणि कुणी सांगितलं म्हणून टाकूही नकोस," ती म्हणाली. "आत जा. डॉक्टरीणबाईंना विचार, ही गोळी कशासाठी, कशाबरोबर घ्यायची, कशाबरोबर नाही, शी काळी का होते, ताटात काय काय हवं. त्या घाईत असतील. असू दे. का, ते विचार. तुला स्वतःला कळेपर्यंत त्या खुर्चीवरून उठू नकोस."

आतून सिस्टरने पुढचा नंबर पुकारला. मुलगी पट्टी मुठीत धरून उठली आणि आत गेली. मावशी दाराकडे बघत बसली. मागच्या रांगेतले लोक कुरकुरायला लागले, तरी मुलगी बराच वेळ बाहेर आली नाही.